मराठवाड्यासाठी डब्ल्यूआरएफ: क्लस्टरवर स्वतःच्या कॉन्फिगरेशन फाइली कशा तयार कराव्यात

परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात कृषिहवामान, भौतिकशास्त्र, भूगोल शिकणाऱ्या ज्या मुलामुलींना हवामानाचं मॉडेल चालवायचं असतं, त्यांची सुरुवात बहुतेक वेळा एकाच पद्धतीनं होते. सीनियरकडून एक तयार फाइल मिळते, तिच्यातल्या तारखा बदलल्या जातात, क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) जॉब, म्हणजे मॉडेल चालवण्याची मागणी, टाकला जातो आणि मॉडेल चालतंही. नकाशाही छान रंगीत येतो. पण ती फाइल ज्यानं लिहिली त्याला कदाचित ओडिशाच्या किनाऱ्यावरचं चक्रीवादळ पाहायचं होतं, किंवा हिमाचलची बर्फवृष्टी. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. इथला मोठा पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरातून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पडतो. किनवट-माहूरकडचा पाऊस आणि आष्टी-पाटोद्याकडचा पाऊस यांत मोठी तफावत आहे. यातलं काहीही मॉडेलला आपोआप कळत नाही, ते आपण फाइलीत लिहून कळवायचं असतं. म्हणून माझा आग्रह एकच आहे: फाइलीतला जो आकडा तुम्ही ठेवाल, तो तिथं का आहे याचं उत्तर तुमच्याकडे असू द्या.

हा लेख डब्ल्यूआरएफ या मॉडेलबद्दल आहे. अमेरिकेतल्या एनकार आणि इतर संस्थांनी ते विकसित केलं, त्याची चौथी आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि ते मोफत मिळतं. दोन-तीन दिवसांच्या अंदाजापासून अख्ख्या मोसमाच्या प्रादेशिक हवामान अभ्यासापर्यंत ते वापरता येतं. सरावासाठी आपण 'गुलाब' चक्रीवादळ घेऊ. २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी ते आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकलं, त्याचे अवशेष २७ आणि २८ तारखेला मराठवाड्यावरून पश्चिमेकडे गेले आणि मांजरा, तेरणा नद्यांच्या काठची शेतं पाण्याखाली गेली. पुढं तीच प्रणाली अरबी समुद्रात उतरून 'शाहीन' झाली. आपल्या भागासाठी सरावाला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

टंकण्याआधी एक सूचना. या लेखात फाइलींची आणि चलांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, आकडेही देवनागरीत आहेत. फाइलीत मात्र सगळं रोमन लिपीत आणि रोमन अंकांतच लिहायचं. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि १ किंवा ० देवनागरी पडला, तर मॉडेल ती ओळ वाचू शकत नाही. व्हॉट्सॅपवरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरातली वळणदार अवतरण चिन्हंही अशीच घात करतात. अशी चूक डोळ्यांना पटकन दिसत नाही. मजकूर क्लस्टरवरच व्हिम किंवा नॅनो या संपादकांत टंकलेला बरा.

जागा आणि मांडणी

क्लस्टरवर तुम्हाला साधारण दोन जागा मिळतात. होम लहान असतं, त्यावर कोट्याची मर्यादा असते. स्क्रॅच मोठं असतं, पण तिथल्या जुन्या फाइली ठरावीक दिवसांनी पुसल्या जातात. नेमलिस्ट (मॉडेलच्या कॉन्फिगरेशन फाइली), जॉब स्क्रिप्ट आणि टिपणं होममध्ये ठेवा. मेट_ईएम (मॉडेलला द्यायचा डेटा), डब्ल्यूआरएफआउट (मॉडेलचा निकाल), रीस्टार्ट अशा अवजड फाइली स्क्रॅचवर. कोट्याची मर्यादा पहिल्याच दिवशी बघून घ्या. कोटा भरला की मॉडेल अर्धवट फाइल लिहून थांबतं, आणि माणूस चूक भौतिकीत शोधत बसतो.

मॉडेल जिथं कंपाइल केलंय ती डिरेक्टरी हात न लावता ठेवायची. प्रत्येक प्रयोगासाठी वेगळी रन डिरेक्टरी करा आणि मूळ रन डिरेक्टरीतल्या प्रोग्रॅमना व सगळ्या तक्त्यांच्या फाइलींना सिमलिंक (मूळ फाइलीकडे नेणारा दुवा) द्या. तक्त्यांत जमिनीच्या वापराचा, मातीचा, किरणोत्साराचा असे बरेच आहेत. एखादा राहिला की मॉडेल सुरुवातीलाच बंद पडतं. नेमलिस्टला मात्र सिमलिंक द्यायची नाही, तिची खरी प्रत हवी. नाहीतर एका प्रयोगात बदललेला आकडा सगळ्या प्रयोगांत बदलतो.

एन्व्हायर्नमेंटची फाइल वेगळी ठेवा

नवखा वापरकर्ता सगळं बॅशआरसीत (लॉगिन करताना आपोआप चालणाऱ्या फाइलीत) कोंबतो: कंपायलर, एमपीआय (कोअरना मिळून काम करू देणारी लायब्ररी), नेटसीडीएफ (हवामान डेटाच्या फाइली वाचणारी लायब्ररी), शिवाय पायथनसाठीचं ॲनाकोंडा. तसं करू नका. ॲनाकोंडा स्वतःचं नेटसीडीएफ घेऊन येतं आणि ते मॉडेलच्या नेटसीडीएफच्या आधी सापडलं की चुकीची लायब्ररी जोडली जाते. बॅशआरसीमध्ये स्क्रीनवर काही छापणारी ओळ असेल, तर एससीपीनं फाइल पाठवणंसुद्धा अडतं.

होममध्ये डब्ल्यूआरएफ_एन्व्ह नावाची छोटी फाइल करा. तिच्यात पहिली ओळ मोड्यूल पर्ज, म्हणजे आधी लोड झालेलं सगळं काढून टाकणारी. मग ज्या मोड्यूलांनी मॉडेल कंपाइल झालं तीच, आवृत्ती क्रमांकासकट, मोड्यूल लोडनं. मग नेटसीडीएफचा मार्ग एक्सपोर्ट करा. आवृत्ती न लिहिता नुसतं नाव लिहिलं, तर प्रशासकांनी नवं मोड्यूल टाकल्याच्या दिवशी तुमचं मॉडेल चालेनासं होईल. लॉगिन केल्यावर ही फाइल सोर्स करायची आणि जॉब स्क्रिप्टमध्येही हीच सोर्स करायची. दोन्हीकडे एकच वातावरण राहतं.

पहिली फाइल: नेमलिस्ट.डब्ल्यूपीएस

डब्ल्यूपीएस म्हणजे मॉडेलची पूर्वतयारी करणारे तीन प्रोग्रॅम: जिओग्रिड डोमेन (मॉडेल ज्या भागावर चालतं तो चौकोन) आखतो, अनग्रिब उतरवलेला डेटा उलगडतो, मेटग्रिड तो डोमेनवर बसवतो. इथं मराठवाडा नकाशावर बसतो, म्हणून इथं थोडं रेंगाळू.

मराठवाडा सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचा. उभा साधारण १७.६ ते २०.७ अंश उत्तर, आडवा वैजापूरपासून किनवटपर्यंत. पण डोमेन एवढंच घेतलं तर गुलाबची प्रणाली कडेतून अचानक आत घुसेल, आणि डोमेनच्या कडा हा मॉडेलचा सगळ्यात कच्चा भाग असतो. त्यामुळे एकात एक अशी तीन डोमेन घ्या: २७, ९ आणि ३ किलोमीटर जाळीची. मॅक्स_डॉम ३, पॅरेंट_ग्रिड_रेशो १, ३, ३.

बाहेरच्या डोमेनसाठी मी हे आकडे सुचवतो: रेफ_लॅट १८, रेफ_लॉन ७७, डीएक्स आणि डीवाय २७०००, ई_डब्ल्यूई १००, ई_एसएन ७६. पूर्व-पश्चिम सुमारे २,६७० किलोमीटर पसरलेलं हे डोमेन पूर्वेकडे ८९ अंशांच्या पुढं जातं, म्हणजे गुलाब किनाऱ्यावर येण्याआधीपासून आपल्या डोमेनमध्ये आहे. पश्चिमेकडे अरबी समुद्राचा मोठा पट्टा येतो. उत्तरेची कड २७ अंशांच्या आसपास थांबते. ती मुद्दाम थांबवली आहे. कड हिमालयाच्या उभ्या चढावर गेली की तिथं खोटे वारे तयार होतात आणि मॉडेल अस्थिर होतं. केंद्र परभणीवर न ठेवता दक्षिणेला १८ अंशांवर घेण्याचं कारणही हेच.

मॅप_प्रोजमध्ये मर्केटर आणि ट्रूलॅट१ ला १८ लिहा. आपल्यासारख्या कमी अक्षांशाच्या भागात मर्केटर चांगलं चालतं. बऱ्याच तयार फाइलींत लॅम्बर्ट आणि ३०, ६० असे ट्रूलॅट असतात, ते मध्य अक्षांशांसाठीचे.

दुसरं डोमेन ९ किलोमीटरचं: ई_डब्ल्यूई ११८, ई_एसएन १००, आय_पॅरेंट_स्टार्ट ३०, जे_पॅरेंट_स्टार्ट २७. यात कोकण किनारा, सह्याद्री आणि पूर्वेकडे तेलंगण-विदर्भ येतात. सह्याद्री या डोमेनमध्ये पूर्ण आलाच पाहिजे. तो अर्धवट कापला तर पर्जन्यछाया कुठून येणार? तिसरं ३ किलोमीटरचं: ई_डब्ल्यूई १६६, ई_एसएन १४८, आय_पॅरेंट_स्टार्ट ३२, जे_पॅरेंट_स्टार्ट २६. त्याचा मध्य परभणीजवळ पडतो आणि आठही जिल्हे आत बसून कडेला मोकळी जागा उरते.

आतल्या डोमेनच्या आकड्यांचा नियम लक्षात ठेवा. ई_डब्ल्यूई आणि ई_एसएनमधून एक वजा केला की उरलेल्याला ३ नं पूर्ण भाग गेला पाहिजे. ११८ वजा १ म्हणजे ११७, भागिले ३ म्हणजे ३९. डोमेन थोडं मोठं करून १२० केलंत, तर जिओग्रिड पुढं जाणार नाही.

तारखा: सुरुवात २६ सप्टेंबर २०२१, ०० यूटीसी (यूटीसी म्हणजे जागतिक वेळ, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे). शेवट २९ सप्टेंबर, ०६ यूटीसी. शेवट ०० ला न ठेवता ०६ ला का, ते पुढं येईल. इंटरव्हल_सेकंड्स २१६००, म्हणजे सहा तास. आपण वापरतो ते ईआरए५, म्हणजे युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ या केंद्राचा मागच्या काळातल्या हवामानाचा जागतिक डेटा. तो दर तासाचा मिळतो, पण सरावाला सहा तासांचा पुरतो. तुम्ही जितक्या तासांच्या फरकानं डेटा उतरवला असेल तोच आकडा इथं हवा.

ईआरए५ ची स्वतःची जाळी सुमारे ३१ किलोमीटरची आहे. मग २७ चं डोमेन कशाला, थेट ९ पासून सुरुवात का नको, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे आणि पुढं तुम्ही तसं करूही शकता. पण बंगालच्या उपसागरापर्यंतचा हाच पसारा ९ किलोमीटरवर चालवायचा, तर बिंदू नऊ पट होतात आणि कालपायरी तिसरा हिस्सा होते, म्हणजे गणनेचा खर्च सत्तावीस पट. शिकताना २७ च परवडतं.

जिओग्रिड चालवल्यावर लगेच पुढं जाऊ नका. जिओ_ईएमची तिसऱ्या डोमेनची फाइल एनसीव्ह्यूमध्ये उघडा आणि उंचीचा नकाशा बघा. बालाघाटचे डोंगर, अजिंठ्याची रांग, गोदावरीचं खोरं ओळखू आलं पाहिजे. ओळखू येत नसेल तर केंद्र चुकलं आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, ती वगळू नका.

मग अनग्रिब, त्यासाठी ईसीएमडब्ल्यूएफची व्हीटेबल (डेटातली चलं ओळखण्याचा तक्ता) लिंक करायची, आणि मग मेटग्रिड. डेटा उतरवणं आणि ही कामं तासन्‌तास चालतात. आपल्याकडे वीज आणि नेट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून लॉगिन होताच टीमक्स सुरू करून त्याच्या आत काम करा. कनेक्शन तुटलं तरी काम क्लस्टरवर चालू राहतं आणि परत जोडून घेता येतं.

दुसरी फाइल: नेमलिस्ट.इनपुट

ही फाइल गटांत विभागलेली असते. प्रत्येक गट अँपरसँडनं सुरू होतो आणि तिरक्या रेघेनं संपतो. ती रेघ चुकून पुसली गेली की मॉडेल पुढच्या गटाबद्दल तक्रार करतं, त्यामुळे चूक नेहमी एक गट वर शोधा. डोमेनप्रमाणे बदलणाऱ्या आकड्यांना तीन रकाने लागतात, स्वल्पविरामानं वेगळे केलेले. टाइम_स्टेपसारख्या काहींना एकच.

वेळेचा गट आधी बघू. रन_डेज, रन_अवर्स हे आकडे आणि एंड_डेट यांत फरक असेल, तर वर्फ (प्रत्यक्ष मॉडेल) रन_अवर्स मानतं आणि रिअल (त्याची सुरुवातीची स्थिती आणि कडा तयार करणारा प्रोग्रॅम) मात्र एंड_डेट मानतं. दोन्ही जुळवून ठेवा. आपल्या उदाहरणात ७८ तास.

आता पावसाचा दिवस. हवामान विभागाचा २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजला जातो, म्हणजे ०३ यूटीसीला. मंडळनिहाय पावसाशी, किंवा महसूल खात्याच्या ६५ मिलिमीटरच्या अतिवृष्टीच्या निकषाशी मॉडेल ताडून बघायचं, तर मॉडेलचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असायला हवा. तयार फाइलीत हिस्टरी_इंटरव्हल ३६० मिनिटं असेल, तर आउटपुट ००, ०६, १२, १८ यूटीसीचं मिळतं आणि ०३ कधीच मिळत नाही. मग लोक ०० यूटीसीचा दिवस धरून तुलना करतात. पहाटे साडेपाच ते साडेआठ या तीन तासांत मोठी सर पडली असेल, तर ती चुकीच्या तारखेला जमा होते आणि दोष मॉडेलवर जातो. म्हणून तिसऱ्या डोमेनसाठी हिस्टरी_इंटरव्हल ६० ठेवा, बाहेरच्या दोन डोमेनना १८०. आणि २८ सप्टेंबरच्या सकाळपासून २९ च्या सकाळपर्यंतचा दिवस पूर्ण हवा, तर मॉडेल २९ च्या ०३ यूटीसीच्या पुढं गेलं पाहिजे. शेवट ०६ ला घेतला तो यासाठी.

डब्ल्यूआरएफआउटमधला रेनसी आणि रेनएनसी हा पाऊस सुरुवातीपासून साठत गेलेला असतो. दोन्हींची बेरीज करायची आणि आजच्या ०३ यूटीसीच्या बेरजेतून कालच्या ०३ यूटीसीची वजा करायची. एवढं केलं की तुमच्या तालुक्याचा दिवसाचा पाऊस हातात येतो.

डोमेनच्या गटात ई_डब्ल्यूई वगैरे आकडे पहिल्या फाइलीतलेच, जसेच्या तसे. टाइम_स्टेपचा, म्हणजे कालपायरीचा, सर्वसाधारण नियम असा: किलोमीटरमधल्या जाळीच्या सहा पट सेकंद ही वरची मर्यादा. २७ ला १६२. मी १२० सुचवतो, कारण तो तासाला पूर्ण भाग देतो आणि सह्याद्रीच्या कड्यावर मॉडेल स्थिर राहतं. पॅरेंट_टाइम_स्टेप_रेशो १, ३, ३.

नम_मेटग्रिड_लेव्हल्स (डेटातल्या उभ्या स्तरांची संख्या) या आकड्यावर नवख्यांचे दिवस जातात. तो तुमच्या डेटावर अवलंबून असतो. ईआरए५ चे ३७ दाबस्तर आणि जमिनीलगतचा एक, मिळून ३८. जीएफएस या अमेरिकी जागतिक मॉडेलच्या अलीकडच्या डेटात ३४ असतात. अंदाज करू नका. एनसीडम्प -एच लावून मेट_ईएम फाइलीचं शीर्ष वाचा, आकडा तिथंच लिहिलेला असतो. नम_लँड_कॅटचंही तसंच. सरोवरांसह मोडिसचा (उपग्रहावरून घेतलेला) जमीन-वापर डेटा असेल तर २१. जुन्या फाइलीत २४ किंवा २० असेल, तर रिअल विसंगतीचा संदेश देऊन थांबेल.

भौतिकीचा गट लोकांना सगळ्यात अवघड वाटतो. सुरुवातीला तिथं फार प्रयोग करायची गरज नाही. एमपी_फिजिक्स (ढगांतल्या थेंबांची आणि बर्फाची गणना) तिन्ही डोमेनना एकच, ६ किंवा ८. ६ म्हणजे डब्ल्यूएसएम६, गणनेला हलकं. ८ म्हणजे थॉम्पसन, जरा जड. क्यू_फिजिक्स (जाळीत न मावणाऱ्या ढगांची योजना) बाहेर ३, मध्ये ३, आत ०. हा ३ म्हणजे ग्रेल-फ्रायटास. ९ किलोमीटर हा अडचणीचा टप्पा आहे, तिथं ढग ना पूर्ण जाळीत मावतात ना पूर्ण जाळीबाहेर. ही योजना जाळीच्या आकाराप्रमाणे स्वतःला जुळवून घेते म्हणून मला ती बरी वाटते. ३ किलोमीटरवर मॉडेल मोठे गर्जनमेघ स्वतःच उभे करू शकतं, तिथं ० च योग्य. बीएल_पीबीएल_फिजिक्स (जमिनीलगतच्या हवेचा सीमाथर) १ असेल तर एसएफ_एसएफक्ले_फिजिक्सही १. सीमाथर २ निवडलात तर एसएफ_एसएफक्लेही २ लागतो, ही जोडी तोडता येत नाही. जमिनीसाठी नोआ, म्हणजे २, आणि मातीचे थर ४. किरणोत्सार दोन्हीकडे ४. रॅडटी (किरणोत्सार किती मिनिटांनी मोजायचा) तिन्हींना एकच, सुरुवातीला १०.

नाथसागरकडे लक्ष द्या

पैठणचा नाथसागर पूर्ण भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पाणी पसरतं. २७ किलोमीटरच्या एका चौकटीचं क्षेत्र ७२९ चौरस किलोमीटर, म्हणजे तिथं तो दिसणारच नाही किंवा अख्खी चौकट पाणी होईल. ३ किलोमीटरच्या जाळीत मात्र त्याच्या चाळीसेक चौकटी होतात. त्या पाण्याचं तापमान मॉडेल कुठून घेतं? बाहेरून आलेल्या जागतिक डेटात एवढा जलाशय नीट नसेल, तर मेटग्रिड शेजारचं पाणी शोधतं आणि ते शेजारचं पाणी अरबी समुद्राचं असू शकतं. मग पैठणला समुद्राचं तापमान चिकटतं आणि आजूबाजूची हवा, वारा, ढग सगळं बिघडतं.

उपाय आहे. डब्ल्यूपीएसच्या सोबत ॲव्हजी_टीएसएफसी नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. तो दिलेल्या काळाचं जमिनीलगतच्या हवेचं सरासरी तापमान काढतो, आणि मेटग्रिडच्या गटात कॉन्स्टंट्स_नेममध्ये त्या फाइलीचं नाव लिहिलं की आतल्या जलाशयांना ते तापमान दिलं जातं. अट एकच, जमीन-वापराचा डेटा सरोवरं वेगळी दाखवणारा हवा. डब्ल्यूआरएफइनपुट तयार झाल्यावर तिसऱ्या डोमेनचं टीएसके (पृष्ठभागाचं तापमान) हे चल उघडून पैठणच्या पश्चिमेकडच्या चौकटींचे आकडे वाचा. शेजारच्या जमिनीपेक्षा ते फारच वेगळे असतील तर मॉडेल पुढं चालवू नका. येलदरी, मांजरा, माजलगाव हे जलाशय लहान आहेत, पण काही चौकटींत तेही येतात.

जॉब स्क्रिप्ट

राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन २०१५ मध्ये सुरू झालं आणि त्यातून देशभर परम मालिकेतले क्लस्टर उभे राहिले. त्यांवर जॉब टाकायला स्लर्म वापरतात. स्क्रिप्टच्या वरच्या ओळी एसबॅचच्या: नोड (क्लस्टरमधला एकेक संगणक), प्रत्येक नोडवरचे टास्क, वेळ, पार्टिशन (जॉबची रांग). या ओळींच्या आधी एकही कमांड येता कामा नये, नाहीतर स्लर्म पुढच्या एसबॅच ओळी सोडून देतो. त्यानंतर डब्ल्यूआरएफ_एन्व्ह सोर्स करा, यूलिमिट -एस अनलिमिटेड लिहा, ओएमपी_नम_थ्रेड्स १ करा, रन डिरेक्टरीत जा आणि मग वर्फ चालवा. यूलिमिटची ओळ नसेल, तर मॉडेल पुष्कळदा सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडतं आणि कारण कुठंच लिहिलेलं सापडत नाही. स्क्रिप्ट विंडोजवर लिहून पाठवली असेल, तर आधी डॉस-टू-युनिक्स चालवा.

किती कोअर (नोडवरची स्वतंत्र गणना करणारी एककं) मागायचे? जास्त कोअर म्हणजे जास्त वेग हा समज इथं लगेच आपटतो. मॉडेल प्रत्येक डोमेनचे कोअरइतके तुकडे करतं आणि एका तुकड्याची कोणतीही बाजू १० बिंदूंपेक्षा कमी चालत नाही. आपलं बाहेरचं डोमेन १०० गुणिले ७६. नोडवर ४८ कोअर असतील, तर मॉडेल आपणहून पूर्व-पश्चिम ६ आणि दक्षिण-उत्तर ८ भाग करतं. ७६ भागिले ८ म्हणजे साडेनऊ. झालं, डोमेन लहान पडतं असा संदेश देऊन ते थांबतं. डोमेनच्या गटात एनप्रॉक_एक्स ८ आणि एनप्रॉक_वाय ६ लिहा. आता १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा, ७६ भागिले ६ म्हणजे साडेबाराच्या वर. तोच एक नोड, तेच डोमेन, आणि मॉडेल चालू लागतं. दोन नोड मागाल तर ९६ तुकडे कसेही पाडले तरी दहाची अट पाळली जात नाही. म्हणजे या मांडणीला एकच नोड, आणि रांगेत एका नोडचा नंबर लवकरही लागतो.

रिअल वेगळ्या जॉबमध्ये, पण तेवढ्याच ४८ कोअरवर चालवा (एनप्रॉकच्या दोन आकड्यांचा गुणाकार कोअरइतकाच लागतो) आणि वर्फचा जॉब डिपेन्डन्सी आफ्टरओके लावून त्यामागे टाका. लॉगिन नोडवर वर्फ चालवू नका. तो सगळ्यांचा असतो.

चाललं की नाही, कसं ओळखायचं

रन डिरेक्टरीत आरएसएल.एरर आणि आरएसएल.आउटच्या फाइली तयार होतात, प्रत्येक कोअरची एक. टेल लावून ०००० क्रमांकाची बघा. शेवटी सक्सेस कम्प्लीट वर्फ असं आलं तर काम पूर्ण. नाही आलं तर सगळ्या आरएसएल फाइलींत ग्रेपनं सीएफएल शोधा. तो शब्द वारंवार दिसला, तर वारा कालपायरीच्या मानानं फार वेगात आहे. टाइम_स्टेप १२० वरून ९० करून बघा. सीएफएल नसेल आणि फेटल असेल, तर त्याच्या खालच्या दोन ओळी शब्द न् शब्द वाचा. डब्ल्यूआरएफचे संदेश बहुतेक वेळा खरं कारण सांगतात.

मोसमभराचा रन

जून ते सप्टेंबर चालवायचं, तर फाइलीत आणखी थोडे बदल लागतात. समुद्राचं तापमान चार महिने गोठवून चालणार नाही. एसएसटी_अपडेट १, ऑक्सइनपुट४_इंटरव्हल ३६० आणि आयओ_फॉर्म_ऑक्सइनपुट४ २ लिहा, मग रिअल डब्ल्यूआरएफलोइनपी नावाच्या फाइली बनवेल. त्या बनल्या आहेत ना हे बघूनच वर्फ सुरू करा.

क्लस्टरवर जॉबला वेळेची मर्यादा असते, त्यामुळे मोसम तुकड्यांत चालवावा लागतो. आधी एक छोटा रन घेऊन मॉडेलचा एक दिवस किती मिनिटांत होतो ते बघा, त्यावरून एका जॉबमध्ये किती दिवस मावतील ते काढा आणि रीस्टार्ट_इंटरव्हल त्याहून बराच कमी ठेवा. तो मिनिटांत असतो: पाच दिवस म्हणजे ७२००. पुढच्या जॉबमध्ये सुरुवातीची तारीख रीस्टार्ट फाइलीची आणि रीस्टार्ट ट्रू. रन_डेज मात्र उरलेल्या काळाचे. मध्येच हिस्टरी_इंटरव्हल बदलायचा असेल, तर ओव्हरराइड_रीस्टार्ट_टाइमर्स ट्रू करा, नाहीतर मॉडेल जुनाच अंतराल धरून बसतं. जमिनीतला ओलावा स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून रन मे महिन्यातच सुरू करा आणि तो महिना निकालात धरू नका. काळ्या जमिनीच्या प्रदेशात हे विशेष महत्त्वाचं आहे. कोरड्या मातीवरून पेरणीआधीची उष्णता आणि पहिले पाऊस दोन्ही ठरतात.

होममध्ये एका लहान डिरेक्टरीत गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) सुरू करून नेमलिस्ट, डब्ल्यूआरएफ_एन्व्ह आणि जॉब स्क्रिप्ट तिच्यात नोंदवत चला. प्रत्येक रननंतर एका ओळीत लिहा: काय बदललं, का बदललं, साडेआठच्या पावसात काय फरक पडला. गुलाबचा पहिला रन मिळाल्यावर दुसऱ्या रनसाठी फक्त एमपी_फिजिक्स ६ चा ८ करा, बाकी एकाही ओळीला हात लावू नका, आणि २८ सप्टेंबरच्या सकाळचा पाऊस दोन्ही रनमध्ये जिल्ह्याजिल्ह्यानं शेजारी मांडून बघा.